पायाळूची लाथ

मी जन्माला आले ती पायांकडून. डोकं पुढे करून यायची सगळ्या जगाची रीत मला पसंत पडली नसावी. सुईणीने माझा डावा पाय धरून मला ओढून काढलं आणि आईला सांगितलं, "भिमे, पोरगी पायाळू हाय. जप हिला." आईने जपलं. ढग वाजले की ती मला ओढत घरात न्यायची, कारण पायाळू माणसावर वीज पडते म्हणे. पायाळूला जमिनीतलं गुप्तधन दिसतं असंही लोक म्हणायचे. मला आजवर विसरलेली छत्रीसुद्धा दिसलेली नाही. पण एका गोष्टीवर नाशकातल्या द्वारका नाक्यामागच्या आमच्या अख्ख्या वस्तीचा विश्वास होता. कुणाच्या पाठीत उसण भरली, की पायाळूने डाव्या पायाची लाथ त्या जागी तीनदा द्यायची, म्हणजे उसण जाते.

सकाळी सकाळी दारात माणसं उभी असायची. "भिमाबाई, सुमी उठली का?" मी सात-आठ वर्षांची, डोळ्यांत झोप, केस पिंजारलेले. हमाल, गवंडी, कधी एखादा हवालदारसुद्धा भिंतीला हात टेकून पाठ करून उभा राहायचा आणि मी त्याला लाथा घालायची. इतर मुलींना मोठ्यांना चुकून पाय लागला तर नमस्कार करावा लागे. मला लोक लाथ खाऊन वर आशीर्वाद देत. आई बाजूला उभी राहून अशा तोऱ्यात बघायची, जशी काही मी मॅट्रिक पास झालेय.

माझे वडील पुंजाराम नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होते. त्यांना हे मुळीच खपत नसे. छप्पन्न साली त्यांनी घरातले देव फडक्यात बांधून स्वतःच्या हाताने गोदावरीत सोडले आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. आईने एका शब्दाने विरोध केला नाही. तिला देवांनी तसंही काही दिलं नव्हतं. आठ पोरांतली सात नेली होती. देव गेले, माझा पाय मात्र राहिला. "देव सोडले आणि पोरीची तंगडी धरली," असं वडील चिडून म्हणायचे. आई म्हणायची, "गुण येतो, तर तुमचं काय जातं?" वडील गेले ते सत्त्याहत्तर साली, आणि मग तसं म्हणणारंही कुणी उरलं नाही.

आईचं स्वतःचं काम होतं न्हाऊ घालायचं. वस्तीत कुठेही बाळंतीण घरी आली की भिमाबाईला बोलावणं यायचं. न्हाणीत पाय लांब पसरून बसायचं, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं, तेल जिरवायचं आणि घंगाळातलं ऊन पाणी तांब्याने धारेने सोडायचं. पाण्याचा अंदाज ती कोपर बुडवून घ्यायची. मूल कितीही रडकं असो, तिच्या पायावर दुसऱ्या तांब्याला गप्प व्हायचं. मिशा फुटलेले बाप्ये तिच्याशी वाद घालायला आले तर ती म्हणायची, "तुझं ढुंगण म्या धुतलंय, मला शिकवू नको."

आईने दुसऱ्यांची शेकड्याने पोरं न्हाऊ घातली, पण माझी कूस तेरा वर्षं रिकामी होती. मी कळवणजवळच्या एका गावात शाळामास्तरीण, माझे यजमान सहादू तिथे एसटीत कंडक्टर. मी माहेरी आले की आई मला त्याबद्दल कधीच काही विचारत नसे. फक्त कुणाच्या नातवाला न्हाऊ घालून परत आली की बराच वेळ पाय पोटाशी घेऊन बसायची. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

ऐंशी सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आले आणि तिला सांगितलं, तिसरा महिना आहे. आई उठली, माळ्यावरचं तिचं तांब्याचं मोठं घंगाळ काढलं, चिंच लावून घासायला बसली. मी म्हटलं, अगं, अजून सहा महिने आहेत. ती म्हणाली, "दुसऱ्यांच्या घरी दुसऱ्यांचं घंगाळ. माझ्या नातवंडाला माझं." गळतं का बघायला तिने ते काठोकाठ भरलं, आणि भरलेलं घंगाळ उचलून बाजूला ठेवायला गेली. मी चुलीपाशी होते. पाठीत काहीतरी कट्कन मोडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही, पण तिला आला होता, हे तिने पुढे कधीतरी सांगितलं.

दोन दिवस ती भिंतीला धरून चालत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सुमे, उसण भरलीया. दे गं लाथ."

मी पाचवीला शास्त्र शिकवत होते. पाठीचा कणा तेहेतीस मणक्यांचा, हे फळ्यावर लिहून मुलांकडून घोकून घेत होते. मला सांगता आलं असतं की आई, दवाखान्यात जाऊ. मी एकदा पुटपुटलेही. पण खरं सांगते, मला माझ्या पायाचा गर्व होता. सगळ्या वस्तीला गुण दिला, आता आईला द्यायचा. मी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि दोनदा हलकेच पाय लावला.

"अशी काय फुलं टाकतीस?" आई म्हणाली. "जोरात दे."

तिसरी मी जोरात दिली. आईने "हं" केलं. भिंतीवर कपाळ टेकवून ती जरा जास्तच वेळ तशीच उभी राहिली. मग वळली, हसली आणि म्हणाली, "गेली बघ." मी सुट्टी संपवून खुशीत कळवणला गेले.

जानेवारीच्या शेवटी मी तपासणीसाठी नाशकात आले, तेव्हा दार उघडणारी बाई मला क्षणभर ओळखूच आली नाही. आई बुटकी झाली होती. नऊवारी लुगडं तिला नेहमी घोट्याच्या वर असायचं, ते जमिनीवर लोळत होतं. घरात गेले तर वरच्या फळीवरचे सगळे डबे खाली भिंतीशी ओळीने मांडलेले. तिचा हात आता फळीला पोचत नव्हता. शेजारच्या लंकामावशीने मला अंगणात गाठून सांगितलं, "दोन महिने झाले, भिमाबाई कुठं न्हाऊ घालायला जात नाय. बसली की उठवत नाय तिला. तुला कळवू नको म्हणाली." मी आईला विचारलं तर म्हणाली, "वय झालं, दुसरं काय?"

मी रिक्षा बोलावून तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती माझा दंड घट्ट धरत होती, पण तोंडातून आवाज काढत नव्हती.

डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी पाठीचा फोटो काचेच्या दिव्यावर लावला आणि बोट ठेवून दाखवलं. दोन मणके बसले होते, पुढून चेपून पाचरीसारखे झाले होते. "आजी, तुमची हाडं आतून पोकळ झालीत. पाळी गेल्यावर बायकांची होतात. त्यात बाळंतपणं बरीच झाली असतील, आणि दूधदुभतं कमी."

"दूध?" आई हसली. "दूध कुणाच्या घरात व्हतं, डाक्टर? व्हतं तेवढं पोरांना."

डॉक्टरांनी फोटो पुन्हा न्याहाळला. "हे दोन्ही एकदमच गेलेले वाटत नाहीत. एक वजन उचलताना गेला असेल. दुसऱ्यावर बाहेरून दाब आल्यासारखा दिसतो. पाठ कुणी चोळून घेतली? दाबली? कुणी पाय दिला?"

"न्हाई," आई म्हणाली. प्रश्न संपायच्या आत म्हणाली. "घंगाळ उचललं, तेवढंच."

मी तिच्याकडे बघितलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. मला तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. वर मनातल्या मनात सुटल्यासारखं वाटलं की, घंगाळच होतं, मी नव्हते. त्या सुटकेची लाज मला आजही वाटते.

मग डॉक्टरांनी काय काय करता येईल ते सांगितलं. ऑपरेशन करण्यात अर्थ नाही. भुसभुशीत भिंतीत खिळा ठोकला तर तो भिंतीला घेऊनच पडतो. राहिले दोन मार्ग. एक, दीड-दोन महिने फळीवर पाठ टेकून पडून राहायचं, मग पोलादी पट्ट्यांचा पट्टा बांधून हळूहळू उठायचं. त्यात दुखणं लवकर कमी होतं, पण या वयात पडून राहिलं की अंगातली ताकद जाते, छातीत कफ साठतो. दुसरा, छातीपासून कमरेपर्यंत प्लॅस्टरचं जॅकेट. चार दिवसांत चालता येईल, पण तीन-साडेतीन महिने काढायचं नाही, आणि पुढे नाशकातला उन्हाळा. कॅल्शियमच्या गोळ्या दोन्हींत. "आणि आजी, खरं सांगायचं तर यातल्या कशानेही हाडं पहिल्यासारखी होणार नाहीत. तेवढं औषध माझ्याकडे नाही."

आईने बोटांवर महिने मोजले. "सुमे, तुझे दिवस कधी भरत्यात?"

"मेअखेर."

"मंग ते प्लॅस्टर घाला," ती डॉक्टरांना म्हणाली. "मे मधी सुटंल. मला मेअखेर न्हाणीत बसायचंय."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बसणं जमेल का, ते तेव्हा बघू." आईला त्यातलं फक्त 'जमेल' एवढंच ऐकू आलं असावं.

प्लॅस्टर घालताना तिला वरची दांडी दोन्ही हातांनी धरून ताठ उभं केलं. डॉक्टर ओल्या पट्ट्या गुंडाळत गेले तसतशी ती पांढरी, जाड आणि चौकोनी होत गेली. घरी आल्यावर छातीवर टकटक वाजवून लंकामावशीला म्हणाली, "बघ, रांजण झाला माझा." मार्च गेला, एप्रिल गेला. आतून घामाने अंग सोलवटायचं, खाजेने ती हैराण व्हायची. मी रजा घेऊन आले, तेव्हा ती विणायची सुई प्लॅस्टरच्या आत घालून खाजवत बसलेली दिसली. "काढायला सांगू का?" मी म्हटलं. "आता थोडं राहिलंय," ती म्हणाली. घंगाळ कोपऱ्यात चकचकीत पालथं ठेवलेलं होतं, त्याच्यावर फडकं झाकलेलं.

मेच्या मध्याला प्लॅस्टर कापलं. आतून निघालेली आई अर्धी झाली होती. डॉक्टरांनी तिला चामड्याचा, पोलादी पट्ट्यांचा पट्टा बांधला आणि म्हणाले, "खाली बसायचं नाही. पुढे वाकायचं नाही. वजन उचलायचं नाही. आता हे कायमचं." आई "बरं" म्हणाली. तिचं 'बरं' मी ओळखत होते. वडिलांनी कशाला मनाई केली की ती असंच म्हणायची आणि मग हवं ते करायची.

एकोणतीस मेला मला मुलगी झाली. आई पट्टा बांधून, लंकामावशीचा हात धरून दवाखान्यात आली. नर्सला तिने आधी मुलगा की मुलगी विचारलं नाही. "डोक्याकडनं आली का पायांकडनं?" विचारलं.

"डोक्याकडून, आजी."

"बरं झालं गं बाय," आई म्हणाली आणि डोळे पुसले. मला वाटलं, माझे हाल वाचले म्हणून म्हणते.

आम्ही घरी आलो त्या सकाळी तिने स्वतः पट्ट्याचे बंद सोडले. मी म्हटलं, "आई, डॉक्टर काय म्हणाले?" ती म्हणाली, "डाक्टरच्या पोरीला नाय घालत मी न्हाऊ." आणि मी तिला अडवलं नाही. काय सांगू? मलाही ते बघायचं होतं. तेरा वर्षं मीही त्याची वाट बघितली होती. लंकामावशीने आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून न्हाणीत बसवलं. तिने पाय पसरले, पाण्यात कोपर बुडवलं, मान हलवली. मी पोरीला तिच्या नडग्यांवर ठेवलं. पहिल्या तांब्याला पोरगी किंचाळली. दुसऱ्या तांब्याला गप्प झाली. आईने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर तोच तोरा होता, जो मी लहानपणी दारातल्या माणसांना लाथा घालताना बघायची. मग तिसरा तांब्या घ्यायला ती पुढे वाकली.

तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. "सुमे, पोरगी उचल," ती म्हणाली. "आधी पोरगी उचल."

मी उचलली. आई तशीच बसून राहिली, पाय पसरलेले, हातात रिकामा तांब्या. तिला उठवेना. वस्तीतल्या चार बायकांनी घोंगडीत घालून तिला खाटेवर नेलं.

तिसरा मणका गेला होता. या वेळी डॉक्टर मार्ग सांगत बसले नाहीत. खाटेवर फळी, दुखण्याच्या गोळ्या, दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. प्लॅस्टर आता तिच्या छातीला झेपणार नव्हतं. पोरीला रोज लंकामावशी न्हाऊ घालायला लागली. न्हाणीतून पाण्याचा आवाज आला की आई तोंड भिंतीकडे करायची.

पंधराएक दिवसांनी एका सकाळी लंकामावशी चौकट धरून दारात उभी राहिली. आईहून पाच-सहा वर्षांनीच लहान असेल ती. "सुमे, उसण भरली गं. काल कळशी उचलली अन् धरलीच पाठ. दे एक लाथ, मंग पोरीला न्हाऊ घालते."

मी सवयीने उठले. चपलेतून पाय काढलासुद्धा.

"लंके," खाटेवरून आई म्हणाली. "तिची लाथ नको घेऊ."

"का गं?"

"दवाखान्यात जा. आधी फोटो काढ पाठीचा. फोटो काढल्याबिगर कुणाला हात लावू देऊ नको."

"अगं, तूच तर सांगायचीस, सुमीच्या पायात गुण हाय."

"तरण्या पाठीला हाय," आई म्हणाली. "आपल्या पाठी आता तेवढ्या राहिल्या नायत. एका लाथंनं जात्यात."

लंकामावशी माझ्याकडे बघत राहिली, मग कमरेवर हात ठेवून हळूहळू निघून गेली. मी एका पायात चप्पल घालून उभी होते. म्हणजे आईला माहीत होतं. भिंतीवर कपाळ टेकवून उभी होती, त्याच घटकेपासून माहीत होतं. 'गेली बघ' म्हणत हसली तेव्हा, डबे खाली उतरवले तेव्हा, डॉक्टरांना न्हाई म्हणाली तेव्हा, नर्सला 'डोक्याकडनं का पायांकडनं' विचारलं तेव्हा. माझी सात महिन्यांची चोरी तिने पहिल्या दिवसापासून झाकून ठेवली होती, आणि आज दुसऱ्या एका बाईची पाठ वाचावी म्हणून तेवढी उघडी केली.

मला रडू आवरेना. "डॉक्टरांना खोटं का सांगितलंस?"

"तू पोटुशी व्हतीस. तेरा वर्सांनी. तू जिवाला लावून घेतलं असतंस, अन् पोटातल्याला काय झालं असतं तर?"

"मी तुझी पाठ मोडली, आई."

"मागितली मी. जोरात दे म्हणाले मी."

"दिली मी."

 माझं म्हणणं तिने खोडून काढलं नाही, याचं मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. मग ती म्हणाली, "पाणी निवतंय."

"आज कोण घालणार न्हाऊ?"

"तू."

"मला नाही जमायचं. माझ्या पायावर नको, आई."

"खाट वढ न्हाणीच्या दारात," ती म्हणाली. "अन् बस. पाय पसर."

मी खाट ओढली. बसले. पाय पसरले. तो डावा पाय माझ्याच डोळ्यांसमोर होता, आणि मला तो बघवत नव्हता. पोरीला उजव्या नडगीवर घेऊ लागले तर आई ओरडली, "दोन्ही पाय जोड. एका पायावर पोर राहतंय का? डावा आत घे. हां. असा. चांगला हाय पाय तुझा." पोरगी माझ्या दोन्ही पायांवर पालथी पडली, ऊन आणि बुळबुळीत. तांब्यात पाणी घेऊन मी आधी खाटेपाशी हात लांब केला. आईने त्यात बोटं बुडवली आणि मान हलवली.

माझी रजा संपली तरी मी गेले नाही. बिनपगारी वाढवत राहिले. रोज सकाळी खाट न्हाणीच्या दाराशी, रोज आधी तांब्या आईपुढे. हळूहळू तिचं बोलणं कमी झालं, छातीत घरघर सुरू झाली, नुसती बोटं तेवढी पाण्यात यायची. लंकामावशीचा एक मणका बसलेला निघाला. ती पट्टा बांधून फिरायला लागली होती.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका सकाळी मी पाणी काढलं, पोरीला तेल लावलं आणि तांब्या घेऊन आईपुढे हात लांब केला. तिची बोटं हलली नाहीत. मी तिचा हात उचलून पाण्यात बुडवला. पाणी ऊन होतं, हात नव्हता. पोरगी उघडी होती, गारठा होता, आणि निवलेलं पाणी पोराच्या अंगावर घातलेलं आईला कधी खपलं नसतं. म्हणून मी आधी पाय पसरून पोरीला न्हाऊ घातलं, पुसून गुंडाळलं, आणि मग दारात जाऊन लंकामावशीला हाक मारली.